विश्लेषण : ‘एसी’ लावला की जुनी स्पोर्ट्स कार का तापते?

ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे धावण्यासाठी जन्माला आलेली गाडी सिग्नलला पाच मिनिटे उभी राहते आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागतो. चालक आधी एसी बंद करतो, मग काचा खाली करतो आणि तरीही काटा उतरला नाही तर भर उन्हात हीटर सुरू करतो. साठ ते नव्वदच्या दशकांतील जग्वार, पोर्शे, फेरारी किंवा कॉर्व्हेट बाळगणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. या गाड्यांच्या किमती आज कोटींच्या घरात गेल्या आहेत. एकदा पाणी उकळून सिलिंडर हेड वाकले की दुरुस्तीचा खर्चही त्याच मापाने येतो. मग एसी आणि इंजिन यांचे नेमके वैर काय?

उष्णतेचा हिशेब काय सांगतो?

जुन्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. साधारण तितकीच उष्णता धुराड्यातून निघून जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाभोवतीच्या पाण्यात, तेलात आणि धातूत उतरते. म्हणजे इंजिन १०० अश्वशक्ती देत असेल, तेव्हा सुमारे ७५ किलोवॉट उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते. घरातला दीड टनी एसी खोलीतून जेमतेम सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो. त्या मापाने बोनेटखालचा तो जाळीचा पत्रा चौदा एसींचे काम करत असतो.

वेगात असताना हे जमते, कारण समोरून हवेचा लोंढा फुकट मिळतो. गाडी थांबली की इंजिनाची उष्णता कमी होते, पण हवा त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात कमी होते. तेव्हा सारी भिस्त पंख्यावर. जुन्या गाड्यांत हा पंखा बऱ्याचदा पट्ट्याने थेट इंजिनावर फिरतो. इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर रेंगाळत असेल तर पंखाही रेंगाळतो. हवेची गरज सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच.

खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून, बाटलीने पाणी ओतत थांबलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली दुसरी बाजूही ठाऊक असेल. घाटात इंजिनावर भार पूर्ण, वेग मात्र कमी. शिवाय उंचीवर पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरच्या उंचीवर ते १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. यावर उपाय म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवणारे असते. दाब साधारण एका वातावरणाने वाढला, तर साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांवर जातो. झाकणाचे रबर कडक झाले की हे कवच जाते. दोन-चारशे रुपयांच्या या झाकणापायी मोठी इंजिने निकामी झाली आहेत. तापलेल्या गाडीचे झाकण लगेच उघडू नये, याचेही कारण हेच : दाब सुटताच आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

स्पोर्ट्स कारलाच त्रास जास्त का?

कारण तिचे नाक. हवेचा अवरोध कमी करायचा तर पुढचा भाग खाली आणि टोकदार हवा. रेडिएटरला मात्र मोठे तोंड हवे. १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हात अवतरलेल्या जग्वार ई-टाइपचा आकार माल्कम सेयर यांनी वायुगतिकीच्या गणिताने रेखाटला होता. पुढचे लांबट तोंड इतके लहान की रेडिएटरला हवा मोजून मिळावी. इंग्लंडच्या थंडीत ते भागून गेले. पण या गाडीचा मोठा ग्राहक अमेरिकेत होता, कॅलिफोर्निया आणि टेक्साससारख्या राज्यांत. तिथे उन्हाळा कडक, वाहतूक संथ आणि मागणी वातानुकूलनाची. १९६८ साली दुसरी मालिका आली तेव्हा जग्वारने ते तोंड चांगलेच रुंद केले आणि एका विद्युत पंख्याच्या जागी दोन बसवले. एसी हा पर्यायही त्याच मालिकेत मिळू लागला. शौकीन आजही पहिल्या मालिकेचे तोंड देखणे मानतात आणि त्याची जादा किंमत मोजतात. त्या देखणेपणाची किंमत पुढे रेडिएटरही मोजतो.

हवा आत येणे हा अर्धाच प्रश्न. ती बाहेरही पडावी लागते. स्पोर्ट्स कारच्या बोनेटखाली इंजिन, कार्ब्युरेटर आणि लालबुंद होणारे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इतके दाटीवाटीने बसवलेले असतात की तापलेली हवा तिथेच घोटाळते. मागे जागा नसली तर पुढून कितीही हवा ढकलली तरी ती रेडिएटरला वळसा घालून निघून जाते. म्हणून रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवणाऱ्या फोमच्या पट्ट्या, पंख्याभोवतीचे आवरण या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तू फार मोलाच्या ठरतात. १९८४ पासूनच्या चौथ्या पिढीतील कॉर्व्हेट तर समोरच्या जाळीऐवजी बंपरखालून हवा घेते. तिथली हवा वर वळवते ती एक काळी प्लास्टिकची पट्टी. रस्त्याच्या कडेला ती घासून तुटते, मालकाला ती शोभेची वाटते, आणि मग महामार्गावर गाडी का तापते याचा शोध पाण्याच्या पंपात सुरू होतो.

काही गाड्यांचा दोष मात्र इंजिनाच्या रचनेतच होता. १९७० च्या ब्रिटिश ट्रायम्फ स्टॅगमध्ये पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या भागात होता. पाणी थोडे कमी झाले की पंपाला पाणीच मिळत नसे आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकत. स्टॅगची ही अपकीर्ती आजतागायत पुसली गेलेली नाही.

‘एसी’ नेमका कुठे आड येतो?

एसी थंडावा निर्माण करत नाही, तो उष्णता उचलून दुसरीकडे नेतो. केबिनमधली उष्णता इव्हॅपोरेटरमध्ये गॅस शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो दाबतो आणि कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. बहुतेक गाड्यांत हा कंडेन्सर असतो रेडिएटरच्या अगदी पुढे. म्हणजे रेडिएटरला मिळते ती कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा. बाहेर ४० अंश तापमान आहे आणि रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आहे असे धरू. दोहोंतला फरक ५० अंशांचा आणि उष्णता बाहेर पडते ती या फरकाच्या प्रमाणात. कंडेन्सरने हवा ५२ अंशांवर नेली तर फरक उरतो ३८. रेडिएटरची ताकद एका फटक्यात जवळपास पाव हिश्शाने घटली.

त्यावर कॉम्प्रेसर फिरवण्यासाठी इंजिनाकडून काही अश्वशक्ती जातात, म्हणजे इंधन अधिक जळते आणि उष्णताही अधिक. धावत्या गाडीत ही भर नगण्य. उभ्या गाडीत इंजिनाची स्वतःची उष्णताच इतकी कमी असते की एसीची भर डोळ्यांत भरते. दोन्हींचे पाकीट एकच, हवेचे. एसीने त्यातून उचलले की इंजिनाला तितके कमी पडते. याचा उलट अर्थही खरा आहे : हवा कमी मिळाली की कंडेन्सरही थंड होत नाही, गॅसचा दाब चढतो आणि केबिनमध्ये गार हवा येईनाशी होते. सिग्नलला एसी कोमट होणे आणि काटा वर जाणे या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून गॅरेजमध्ये नोंदवल्या जातात. बऱ्याचदा आजार एकच असतो.

याला एक मजेदार अपवाद जग्वारच्या बारा सिलिंडरच्या इंजिनात सापडतो. १९७५ साली आलेल्या एक्सजे-एस या गाडीच्या बोनेटखाली ५.३ लिटरचे व्ही-१२ इंजिन इतके ठासून भरलेले होते की पेट्रोलच्या नळ्याही तापत. इंजेक्शनच्या आवृत्तीत टाकीकडे परतणारे पेट्रोल थंड करण्यासाठी जग्वारने एसीच्या गार गॅसचाच वापर केला. इव्हॅपोरेटरमधून परतणारी नळी एका छोट्या ‘फ्युएल कूलर’मधून जाते. तेव्हा ‘एसी बिघडला आहे, काढूनच टाकू’ असे म्हणणारा मालक पेट्रोलचा थंडावाही नकळत काढून टाकत असतो.

पोर्शे ९११ मध्ये रेडिएटरच नव्हता, मग?

रेडिएटर नाही, पाणी नाही, तेव्हा कटकट नाही, असा अनेकांचा समज. १९६३च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दिसलेली आणि १९६४ पासून तयार होऊ लागलेली ९११ पुढली जवळपास साडेतीन दशके हवेवरच थंड होत राहिली. मागच्या बाजूला सपाट मांडलेले सहा सिलिंडर, त्यांच्या डोक्यावर पट्ट्याने फिरणारा अकरा पात्यांचा उभा पंखा आणि सिलिंडरभोवती हवा वळवणारे फायबरचे आवरण. पण हवा एकटी पुरेशी नसते. ९११च्या इंजिनातली बरीच उष्णता तेल वाहून नेते. म्हणूनच तिच्या वेगळ्या टाकीत घरगुती गाडीच्या दुप्पट-तिप्पट तेल असते. इंजिनाची ताकद वाढत गेली तसा पोर्शेला पुढच्या उजव्या चाकावरच्या मडगार्डमध्ये दुसरा ऑइल कूलर बसवावा लागला. इंजिन मागे, कूलर पुढे. तेलाने गाडीची लांबी पार करून जायचे आणि परत यायचे.

एसीचा प्रवास तर याहून लांब. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील ९११ मध्ये कॉम्प्रेसर मागे इंजिनावर. तिथून गॅस इंजिनाच्या झाकणाखाली आडव्या बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. मग गाडीच्या तळाशी असलेल्या रबरी नळ्यांतून थेट पुढच्या बंपरखालच्या दुसऱ्या कंडेन्सरकडे, नंतर पुढच्या डिकीजवळच्या इव्हॅपोरेटरकडे आणि तिथून सारे अंतर कापून पुन्हा मागे. इतक्या लांबीच्या रबरातून गॅस हळूहळू झिरपत राहतो. जुन्या ९११ मध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो ही तक्रार म्हणजे बिघाड कमी आणि भूगोल अधिक.

मागच्या झाकणाखालचा कंडेन्सर हा या रचनेतला कळीचा मुद्दा. त्याला स्वतःचा पंखा नाही. इंजिनाचा पंखा जी हवा खेचतो, ती आधी या कंडेन्सरमधून जाते. म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या गाडीत रेडिएटर जे भोगतो, ते इथे थेट सिलिंडर भोगतात. शिवाय उन्हाळ्याच्या वाहतूक कोंडीत इंजिन मंद फिरते, पंखा मंद खेचतो आणि दोघेही उपाशी. हवेवर थंड होणाऱ्या गाडीतही तोच हिशेब, फक्त मधला पाण्याचा दलाल नाही. १९८९ पासूनच्या ‘९६४’ या आवृत्तीत पोर्शेने कंडेन्सर पुढच्या डाव्या मडगार्डमध्ये हलवला, त्याला वेगळा विद्युत पंखा दिला आणि ऑइल कूलरलाही तसाच पंखा उजवीकडे दिला. त्या पिढीचा एसी बराच बरा मानला जातो, त्याचे कारण हे.

जुन्या ९११च्या एसीचा आणखी एक शत्रू तिच्याच पोटात असतो. हीटरसाठीची गरम हवा एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतीच्या कोशांतून येते. ती अडवणाऱ्या झडपा गंजल्या की हीटर बंद असतानाही ऊब केबिनमध्ये शिरते. समोरून एसी गारवा सोडतो, मागून एक्झॉस्ट उष्णता. अशा गाडीत गॅस कितीदाही भरला तरी फरक पडत नाही.

शेवटी पोर्शेलाही पाण्याकडे वळावे लागले. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिले तर त्यांच्यामधल्या अरुंद, तापलेल्या धातूपर्यंत हवा नीट पोहोचत नाही. १९८० च्या दशकातील ९५९ मध्ये सिलिंडर हवेवर आणि हेड पाण्यावर अशी तडजोड केली गेली. उत्सर्जन आणि आवाजाचे नियम कडक होत गेले आणि १९९७ मध्ये ‘९९६’ ही पूर्णपणे पाण्यावर थंड होणारी ९११ आली. हवेवरच्या शेवटच्या ‘९९३’चे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. चाहत्यांनी सुतक पाळले आणि ‘९९३’चे भाव वाढले.

रेडिएटर हलवणाऱ्या फेरारीने काय साधले?

इंजिन मध्यभागी असलेल्या फेरारी ५१२ बीबीमध्ये रेडिएटर नाकात होता. त्यामुळे उकळते पाणी नेणाऱ्या नळ्या प्रवाशांच्या शेजारून जात आणि केबिन भट्टी होई. १९८४च्या टेस्टारोसामध्ये रेडिएटर दोन्ही बाजूंना, दारांच्या मागे गेले. नळ्या आखूड झाल्या, केबिन निवले, पुढे सामानाला जागाही मिळाली. दारांवरच्या ज्या आडव्या पट्ट्यांनी ऐंशीच्या दशकातील पोस्टर सजवले, त्या रेडिएटरकडे जाणाऱ्या हवेच्या मोठ्या तोंडांवरची जाळी आहेत.

गॅस बदलल्याने काय बिघडले?

या साऱ्या गाड्यांचे एसी आखले गेले ते ‘आर-१२’ या गॅससाठी. क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी कुटुंबातला हा गॅस न पेटणारा, बिनविषारी आणि कामसू. त्यातला क्लोरिन ओझोनचा थर पोखरतो, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला. १९९५ साली पॉल क्रुट्झन यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९६ पासून सीएफसीचे उत्पादन थांबवले, भारताने २०१० पर्यंत. नव्या गाड्या ‘आर-१३४ए’वर गेल्या. जुन्या मागे राहिल्या.

आता त्यांत नवा गॅस भरायचा तर अडचणी तीन. नवा गॅस जुन्या खनिज तेलात विरघळत नाही. तेल बदलले नाही तर कॉम्प्रेसर कोरडा पडतो. त्याचे रेणू लहान, त्यामुळे जुन्या रबरी नळ्यांतून तो अधिक वेगाने निसटतो. आणि तिसरी अडचण उष्ण प्रदेशासाठी सर्वांत महत्त्वाची. कंडेन्सरचे तापमान ६० अंश असेल तेव्हा ‘आर-१२’चा दाब सुमारे १५ बार असतो, तर ‘आर-१३४ए’चा जवळपास १७ बार. जुना कंडेन्सर तोच, हवा तितकीच आणि दाब जास्त. म्हणून नुसता गॅस बदललेला एसी एप्रिलमध्ये हात टेकतो, तर अधिक कार्यक्षम ‘पॅरलल फ्लो’ कंडेन्सर आणि जाड पंखे बसवलेला तोच एसी बरा चालतो.

काही ठिकाणी प्रोपेन-आयसोब्युटेनचे मिश्रण ‘थेट चालणारा पर्याय’ म्हणून भरले जाते. ते थंडावा उत्तम देते, पण ते स्वयंपाकाच्या गॅसचे भावंड आहे. पन्नास वर्षांच्या नळ्या आणि तापलेले एक्झॉस्ट असलेल्या गाडीत हा धाडसी प्रयोग म्हणावा लागेल; अमेरिकेत ‘आर-१२’च्या जागी असे ज्वलनशील गॅस भरण्यास मनाई आहे. उरलासुरला ‘आर-१२’ हवेत सोडून देणे हाही गुन्हाच : एक किलो ‘आर-१२’ची तापमानवाढीची क्षमता दहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतकी आहे. तो यंत्राने काढून घेऊन साठवता येतो.

गॅरेजमध्ये काय करतात आणि काय टाळावे?

आपल्याकडील पहिला रामबाण म्हणजे ‘थर्मोस्टॅट काढून टाका’. पाणी अखंड फिरेल, गाडी तापणार नाही, असा त्यामागचा तर्क. पण थर्मोस्टॅट उघडल्यानंतर तो तसाही वाट अडवत नाही. तो नसला तर इंजिन पुरेसे गरम व्हायला वेळ लागतो आणि झीज वाढते. जग्वारच्या सहा सिलिंडरच्या एक्सके इंजिनात तर हा उपाय उलटतो. तिथला थर्मोस्टॅट उघडताना बाजूची ‘बायपास’ वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतो. बाजारात मिळणारा चुकीच्या मापाचा थर्मोस्टॅटही हेच करतो.

दुसरी सवय नळाचे पाणी भरण्याची. क्षाराचे थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत साचतात. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात गंजरोधक द्रव नसला की धातूच झिजतो आणि तो गाळ पुन्हा रेडिएटरमध्ये जातो. जाणता मेकॅनिक म्हणून क्रम उलटा धरतो. आधी काटा खरे बोलतो का, हे तपासायचे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत काट्याला वीज पुरवणारा छोटा ‘स्टॅबिलायझर’ बिघडला तरी काटा चढतो. मग झाकण, पाणी, पट्टा, फटी, पंखा. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेली पाने-पिसे बाहेरून दिसत नाहीत, त्यासाठी दोन्ही वेगळे करावे लागतात. एसीला हात यानंतर.

बदल किती करायचे, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतील विंटेज नोंदणी मिळते, पण रोजच्या वापरासाठी त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शने आणि फेऱ्यांना मुभा आहे. या फेऱ्या निघतात त्या मुंगीच्या गतीने, थांबत थांबत, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने सर्वांत कठीण परिस्थितीत. काही मालक अशा वेळी दिसणारे सारे जुनेच ठेवतात आणि रेडिएटरमागे, कोणाला दिसणार नाही असा, तापमानाच्या स्विचवर चालणारा विद्युत पंखा बसवतात. ९११चे काही मालक एसीची सगळी यंत्रणा उतरवतात. मागच्या झाकणाखालचा कंडेन्सर गेला की इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि गाडीचे वजनही घटते. उतरवलेला कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि ब्रॅकेट मात्र ते भंगारात देत नाहीत. खोक्यात भरून, तेलाचा हात फिरवून ठेवतात. गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच खोके मागते.